वटपद्रक, बडोदे आणि बरोडा : एका नगरनामाची मीमांसा

श्रीमठाच्या वर्धापनानिमित्त प्रसिद्ध होत असलेल्या या स्मारकग्रंथाचे एक अंग मराठी व दुसरे इंग्रजी आहे. मराठी अंगात आपल्या नगराचे नाव 'बडोदे' असे लिहावे, याविषयी भक्तजनांत दुमत असण्याचे कारण नाही. परंतु इंग्रजी अंगाकडे वळताच मतभेद उभा राहतो. वडीलधाऱ्या मंडळींच्या लेखणीतून 'बरोडा' हेच सहजपणे उतरते. तरुण मंडळी 'वडोदरा' असे लिहितात, आणि वडिलांस सांगतात की, तुमचे नाव हे साहेबाने केलेले भ्रष्ट रूप होय, परदास्याच्या काळाचा तो अवशेष आता टाकून दिला पाहिजे. हे ऐकून वडील मंडळी मनात दुखावतात. त्यांच्या लेखी ते साहेबाचे नाव नव्हेच; ते श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या राज्याचे नाव, आजोबांच्या नेमणूकपत्रावरचे नाव. ते टाकावयाचे म्हणजे या भूमीशी जडलेला तीनचार पिढ्यांचा आपला संबंधही परका ठरवावयाचा, असे त्यांस वाटते.

वाद घरगुती आहे खरा; पण त्यात 'आपण येथे घरचे की उपरे' हा प्रश्न दडलेला आहे, आणि म्हणूनच तो नुसत्या रुचीवर सोपविणे बरे नव्हे. नावाचा इतिहास पाहिला तर दोन्ही पक्षांचे म्हणणे थोडथोडे खरे व थोडथोडे चुकलेले दिसते.

प्रारंभ ताम्रपटापासून करणे प्राप्त आहे. मान्यखेटच्या राष्ट्रकूटांची एक शाखा लाट देशावर, म्हणजे दक्षिण गुजरातवर, राज्य करीत होती. त्या शाखेतील कर्कराज सुवर्णवर्ष याने शके ७३४ मध्ये, म्हणजे इसवी सन ८१२ च्या सुमारास, वलभीहून आलेल्या भानू नावाच्या ब्राह्मणास एक गाव दान दिले. गावाचे नाव वटपद्रक. ते अंकोट्टक चौऱ्याऐंशीत, म्हणजे अंकोट्टक हे मुख्य ठिकाण असलेल्या चौऱ्याऐंशी गावांच्या समूहात, मोडत होते असे त्या पटात सांगितले आहे. अंकोट्टक म्हणजे विश्वामित्री नदीपलीकडचे आजचे अकोटा. तेथे सापडलेल्या धातूच्या जैन मूर्ती उमाकांत प्रेमानंद शहा यांच्या १९५९ मधील ग्रंथामुळे सर्व विद्वज्जगतास माहीत झाल्या. त्या काळी मोठे नगर होते ते अकोटा. आणि वटपद्रक हे त्याच्या शेजारचे, दान देता येण्याजोगे एक खेडे. पुढे भाग्य पालटले. खेड्याचे नगर झाले आणि अकोटा हा त्या नगराचा एक भाग होऊन राहिला. आपल्या नगराचे नाव एका धर्मदानाच्या लेखात आढळावे, आणि ते दान देणारा राजाही दक्षिणेतून आलेल्या कुळाचा असावा, ही गोष्ट श्रीमठाच्या भक्तांनी मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखी आहे. गायकवाडांच्या आगमनापूर्वी सुमारे नऊशे वर्षांची ही हकीकत आहे.

आता नावाचा अर्थ. वट म्हणजे वड, हे सांगावयास नको. 'पद्र' किंवा 'पद्रक' हा शब्द जुन्या लेखांत वस्ती, गावठाण, गावालगतची मोकळी जमीन अशा अर्थाने येतो. गुजरातीत गावाच्या वेशीलगतच्या जागेस आजही 'पादर' म्हणतात, आणि नगराच्या पश्चिमेस असलेल्या तालुक्याच्या गावाचे नाव तर 'पादरा' असेच आहे. तेव्हा वटपद्रक म्हणजे वडाजवळची वस्ती, किंबहुना वडाचे गाव. पुढे पंडितांनी 'वटोदर' असे रूप बनवून, वडांच्या उदरात वसलेले ते वटोदर, अशी व्युत्पत्ती सांगितली. कल्पना रम्य आहे. पण ताम्रपटातील 'पद्रक' समोर असता तिला मागाहून केलेली जुळवणीच म्हटले पाहिजे. चंदन राजावरून पडलेले 'चंदनावती' हे नाव दंतकथेतले. कवी प्रेमानंदाने नगराला 'वीरक्षेत्र' म्हटले ते गौरवाने, आणि त्याच्याजवळ त्याने नगराचे चालू नावही ठेवले आहेच.

ते चालू नाव जुन्या गुजरातीत 'वडोदरुं' असे होते. 'वट'चे 'वड' झाले, 'पद्र'मधील 'प'चा 'व' होऊन तो मागच्या स्वरात मिसळला, आणि 'द्र' फुटून 'दर' राहिले. शेवटचा 'उं' हा नपुंसकलिंगाचा प्रत्यय होय. हे मराठी वाचकाने विशेष लक्षपूर्वक पाहावे. कारण आपल्याकडील जुन्या कागदांत व ग्रंथांत हे नाव 'बडोदें' असे, शेवटी अनुस्वार देऊन, लिहिलेले असते. तो अनुस्वारही नपुंसकलिंगाचाच. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले व 'बडोदे' राहिले. म्हणजे गुजराती 'उं' व मराठी 'एं' ही दोन्ही एकाच संस्कृत नपुंसक नामाची लेकरे होत. गुजरातीने पुढे 'वडोदरा' हे रूप रूढ केले. मराठीने मात्र मूळ लिंग सांभाळले. 'बडोदे सुंदर आहे' असे म्हणताना मराठी माणूस, स्वतःच्या नकळत, त्या जुन्या पद्रकाचेच लिंग पाळीत असतो. यावरून आपले 'बडोदे' हे 'वडोदरा' या नावाचे अपभ्रष्ट रूप नसून त्याचे भावंड आहे, असे ठरते.

येथे एक शंका कोणी चाणाक्ष वाचक काढील. मराठीत वडाला 'बड' म्हणत नाहीत. वडगाव, वडनेर, वडाळा, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वडोद बाजार, या सर्व ठिकाणी 'व' शाबूत आहे. मग बडोद्यातच 'ब' कोठून आला? याचे उत्तर उत्तरेकडे शोधावे लागते. मराठी व गुजराती जेथे 'व' राखतात तेथे हिंदी 'ब' करते : आपले वीस ते त्यांचे बीस, आपली वरात ती त्यांची बरात, आपण वाजवतो ते ते बजावतात. वडालाही तिकडे बड असे म्हणतात. मोगल अमलात गुजरात हा सुभा होता, आणि 'आईन-ए-अकबरी'त त्या सुभ्याच्या सरकारांमध्ये बडोद्याचे सरकार नोंदले आहे. दफ्तर फारसीत, कारकून व लष्कर बहुधा हिंदुस्तानी बोलणारे; त्यांच्या तोंडी वडाचा बड झाला. मराठे अठराव्या शतकात येथे आले तेव्हा जो अंमल त्यांनी घेतला त्या अमलाच्या दफ्तरातले नावही त्यांनी घेतले, असे दिसते. १७३४ पासून बडोदे गायकवाडांच्या ताब्यात राहिले. मोडीत लिहिणाऱ्या कारकुनाने 'ब' तसाच ठेवला, आणि शेवटी मात्र आपल्या भाषेच्या स्वभावास अनुसरून 'एं' लावला. तेव्हा 'ब' साहेबाचा नव्हे. साहेब व्यापारी म्हणून दाराशी येण्यापूर्वीच तो येथे नांदत होता.

पाश्चात्त्यांनी हे नाव प्रथम कसे ऐकले, हे पाहणे मोठे उद्बोधक आहे. यूल व बर्नेल यांनी १८८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या प्रसिद्ध कोशात या नावाची जुनी रूपे नोंदली आहेत. सोळाव्या शतकातील पोर्तुगीज इतिहासकार बारुश याच्या ग्रंथात 'बारोदार' असे रूप आहे. सतराव्या शतकातील डच व इंग्रज 'ब्रोडेरा' असे लिहीत. कोणी म्हणेल, केवढा हा विपर्यास! परंतु नीट न्याहाळले तर या जुन्या रूपांत शेवटचा 'र' जिवंत आहे. म्हणजे व्यापारी लोकांनी हे नाव गुजराती माणसाच्या तोंडून ऐकले होते. अक्षरे वाकडी, पण कान सरळ. उलट, पुढे रूढ झालेल्या इंग्रजी 'बरोडा'त तो शेवटचा 'र' नाहीसा झाला. जो 'आर' त्यात आज दिसतो तो निराळाच. तो 'वडोदरा'तील 'र' नसून 'बडोदे'तील 'ड' आहे!

हा 'ड'चा 'आर' कसा झाला, याचा उलगडा लिपीत सापडतो. फारसी वर्णमालेत 'ड'साठी स्वतंत्र अक्षर नाही. त्या लिपीत बडोदे लिहावयाचे तर 'ड'च्या जागी 'रे' हे अक्षर घालण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्यातच हिंदुस्तानीतला दोन स्वरांमधला ड जीभ उलटवून उच्चारला जातो आणि परक्या कानाला तो 'र'सारखाच भासतो. इंग्रजांनी म्हणूनच गढाला 'गर्‌' केले, आणि आपल्या सिंहगडाचेही जुन्या इंग्रजी इतिहासांतून 'सिंगर्‌' असे काहीतरी करून ठेवले. खुद्द राजघराण्याचे नावदेखील यातून सुटले नाही. गायकवाडांचे इंग्रजी कागदांत 'गायकवार' झाले, त्याच्याही आधी 'ग्विकोवार' असे एक चमत्कारिक रूप होते. तेथेही शेवटचा 'आर' म्हणजे आपला 'ड'च. ज्या कागदावर 'गायकवार ऑफ बरोडा' असे छापले असेल त्यात एकच ध्वनी दोनदा हरवलेला आहे.

तेव्हा इंग्रजी 'बरोडा' हे नाव म्हणजे फारसी-हिंदुस्तानी दफ्तराचे आणि मराठी दरबाराचे नाव, इंग्रजी अक्षरांत उतरविलेले. साहेबाने ते घडविले नाही. त्याने फक्त नकलून घेतले, व नकलताना 'ड' आणि 'द' यांचा घोटाळा केला. वडील मंडळींचे म्हणणे येथवर खरे ठरते. १८०२ मध्ये कंपनीचा रेसिडेंट म्हणून मेजर वॉकर बडोद्यास आला तेव्हा ज्या दरबाराशी त्याला व्यवहार करावयाचा होता तो दरबार मराठी होता, आणि त्या दरबाराचे बडोदे हेच पुढे इंग्रजी दस्तऐवजांतले बरोडा झाले.

परंतु कथा येथे संपली असती तर तरुणांस बोलावयास जागाच उरली नसती. इंग्रजी शिक्षणाबरोबर हे लिखित रूप देशी लोकांनी वाचले, आणि वाचून पुन्हा उच्चारले. इंग्रजी 'आर' पाहून त्यांनी 'र' म्हटले. इंग्रजी 'डी' पाहून, इंग्रजांच्या उच्चाराप्रमाणे, 'ड' म्हटले. बडोदातील 'ड'च्या जागी 'र' आला, आणि 'द'च्या जागी 'ड' जाऊन बसला. असे 'बरोडा' तयार झाले. हे नाव ना ताम्रपटातले, ना प्रेमानंदाचे, ना मोडी दफ्तरातले. आज अनेक गुजराती भाषक सहज बोलताना 'बरोडा' म्हणतात, आणि आपणही म्हणतो. खरे भ्रष्ट रूप कोणते असेल तर ते हे. आणि ते साहेबाच्या जिभेने नव्हे, साहेबाचे अक्षर वाचणाऱ्या आपल्याच जिभेने केले आहे.

याचे मासले आपल्या नित्य दृष्टीस पडतात. १९०८ च्या जुलैत महाराजांच्या आश्रयाने स्थापन झालेली येथील बँक घ्या. तिच्या नावात हिंदीत 'बड़ौदा' असते, गुजरातीत 'बरोडा'. नाव एकच, संस्था एकच, पण दोन लिपींत दोन उच्चार! ख्यातनाम गायिका हिराबाई बडोदेकर यांचे आडनाव मराठीत निर्दोष आहे. इंग्रजीत मात्र पहिला भाग इंग्रजांच्या वळणाचा व त्याला जोडलेला 'कर' मराठी, असे संमिश्र रूप झाले आहे. प्रस्तुत लेखकास त्यात दोष दिसत नाही. आडनावे ही माणसांची मालमत्ता आहे. ती सुधारण्याचा अधिकार व्याकरणास नाही.

राज्यकर्त्यांचा विचार करता, सयाजीराव महाराजांस शब्दांची किंमत किती होती हे सर्वश्रुत आहे. राज्यकारभारातील इंग्रजी शब्दांस देशी प्रतिशब्द मिळावेत म्हणून त्यांनी करविलेला 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, बंगाली, उर्दू, फारसी अशा भाषांतील शब्द शेजारी शेजारी मांडले आहेत. राजा मराठी, प्रजा बहुतांशी गुजराती, वरिष्ठ सत्तेशी व्यवहार इंग्रजीत. अशा राज्यात एका वस्तूची अनेक नावे असणे ही अडचण नसून नित्याची गोष्ट होती. राजवाड्यात बडोदे, पेठेत वडोदरा, आणि रेसिडेन्सीकडे जाणाऱ्या लखोट्यावर बरोडा. यांपैकी एकच खरे मानून इतरांस हद्दपार करावे असे तेव्हा कोणास वाटले नाही.

१ मे १९४९ रोजी हे राज्य मुंबई प्रांतात विलीन झाले. १ मे १९६० रोजी गुजरात राज्य निराळे झाले. १९७४ मध्ये नगराचे अधिकृत नाव वडोदरा असे ठरले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. गुजरातीत ते नाव आधीपासूनच होते. बदलले ते मुख्यतः इंग्रजीतले लेखन. म्हणजे एका भाषेचे नाव दुसरीवर लादले गेले असे नसून, त्या नगरातील बहुसंख्य लोक ज्या नावाने नगरास हाक मारतात तेच नाव इंग्रजीतही आले. यात मराठी माणसाने विषाद मानण्याचे कारण नाही. मुंबईचे इंग्रजी नाव १९९५ मध्ये बदलले तेव्हा आपण हेच म्हणालो होतो, आणि जे माप आपण आपल्या नगरास लावतो तेच शेजाऱ्याच्या नगरासही लावले पाहिजे.

अर्थात नव्या लेखनाने सर्व अडचणी मिटल्या असे नाही. इंग्रजीत 'ड' व 'द' या दोहोंसाठी 'डी' हेच अक्षर आहे. त्यामुळे बाहेरचा मनुष्य 'वडोदरा' हे नाव इंग्रजीत वाचतो तेव्हा 'वदोदरा' म्हणतो, 'वडोडरा' म्हणतो, क्वचित बरोबरही म्हणतो. इंग्रजी लिपीला ही नावे पेलत नाहीत, एवढाच याचा अर्थ.

आपल्या बाजव्याचेच पाहा ना. वडोदऱ्याहून आणंदकडे निघाले की थोड्याच वेळात बाजव्याचे स्थानक लागते. इंग्रजीत रेल्वे या नावातील 'व' साठी 'व्ही' लिहिते. कारखान्यांच्या व पोस्टाच्या पत्त्यांत 'डब्ल्यू' आढळतो. 'डब्ल्यू'ने लिहिलेले नाव वाचून पंजाबकडचा मनुष्य हे कोणा सरदारजीचे आडनाव समजतो. गुजराती व देवनागरी लिपींत असला गोंधळ संभवतच नाही. शिवाय याच परिसरात इंग्रजी व संस्कृत यांचा उघड विवाह लावून दिलेले एक नाव आहे. खतांचा मोठा कारखाना काढण्यासाठी गुजरात राज्यात १९६२ साली कंपनी स्थापन झाली, १९६७ साली उत्पादन सुरू झाले, आणि कामगारांसाठी वसाहत उभी राहिली. तिचे नाव फर्टिलायझरनगर. हे नाव कोणी भ्रष्ट म्हणत नाही, बदलावे असेही कोणास वाटत नाही. या औद्योगिक पट्ट्यात नोकरीनिमित्त आलेल्या कित्येक मराठी कुटुंबांची मुले याच नावाच्या वसाहतींत वाढली, आणि त्यांच्या लेखी ते नाव वटपद्रकाइतकेच घरचे आहे. नाव परके की आपले, हे व्युत्पत्ती ठरवीत नाही. तेथे घालविलेले आयुष्य ठरविते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पण हा मुद्दा भाषाशास्त्राच्या बाहेरचा आहे.

आणि धर्मकृत्यातली गोष्ट तर याहून निराळी. संकल्प करताना आपण देश सांगतो तो नदीच्या आधाराने. महाराष्ट्रात गोदावरीचे तीर उच्चारणारे आपले उपाध्याय येथे आले की नर्मदेच्या उत्तर तीराचा उच्चार करतात. तेथे बरोडा नाही, वडोदरा नाही. राज्ये बदलली, पाट्या बदलल्या, तरी संकल्पातली नदी तीच राहिली.

आता संपादक मंडळींस प्रस्तुत लेखकाची सूचना अशी. इंग्रजी अंगात आजच्या नगराचा व जिल्ह्याचा उल्लेख असेल तेथे 'वडोदरा' असेच छापावे. सभासदांच्या यादीतील पत्तेही तसेच असावेत. १९४९ पूर्वीच्या राज्याविषयी लिहिताना 'बरोडा' हेच ठेवावे, कारण त्या राज्याचे अधिकृत इंग्रजी नाव तेच होते, आणि 'वडोदरा संस्थानाचे दिवाण' असे इंग्रजीत लिहिणे म्हणजे जुना कागद नव्याने रंगविणे होय. बँक, महाराजा सयाजीराव विश्वविद्यालय व इतर संस्था यांची नावे त्या संस्था जशी लिहितात तशीच द्यावीत. कोणाच्या आजोबांचे पत्र किंवा दाखला छापावयाचा असेल तर त्यातील एकही अक्षर बदलू नये. मराठी अंगात 'बडोदे' लिहावे, आणि विभक्ती चालवावी ती 'बडोद्यास, बडोद्याहून' अशीच. १९०९, १९२१, १९३४ व पुन्हा २०१८ या वर्षी मराठी साहित्य संमेलन ज्या नगरात भरले ते मराठी वाचकास याच नावाने ठाऊक आहे. मराठी मजकुरात 'बरोडा' मात्र, संस्थेच्या नावाखेरीज, कोठेही येऊ देऊ नये.

बाजव्याच्या इंग्रजी लेखनात 'व्ही' की 'डब्ल्यू', हे मात्र मुद्रकाकडे मजकूर जाण्यापूर्वी एकदा ठरवून टाकावे. सध्या हाती आलेल्या लेखांत दोन्ही आहेत.